निरंक

ऑफिसात तिला सगळे ताळेबाई म्हणत. नाव काहीतरी होतं तिचं, टपालावर ते येतही असे, पण अकरा वर्षं एकच काम इमानेइतबारे केलं की माणसाला त्या कामाचंच नाव चिकटतं, आणि ताळेबाईंचं काम होतं माणसांचा ताळा पाहणं.

संस्थेची सात घरं होती. ज्यांचं डोकं ठिकाणावर नाही आणि ज्यांना सांभाळायला घरी कुणाला जमत नाही, अशा माणसांना तिथे ठेवून घेत. आपली म्हणायला घरं. आपलं माणूस जिथे ठेवून परत फिरायचं त्या जागेला घर म्हटलं, की पाय उचलायला सोपं जातं. आलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि तो संगणकातल्या ‘दाखल’ नावाच्या तक्त्यात चढे. मग रोज सकाळी चहाच्या वेळी सातही घरांत मोजणी होई, कोण कुठल्या खाटेवर आहे ते ‘हजेरी’ नावाच्या दुसऱ्या तक्त्यात जाई. गेला, वारला, कुणी घरी नेला, की दाखलमधून नाव उतरे. एवढा सरळ कारभार. महिन्याच्या पहिल्या तारखेला ताळेबाईंनी बसवून दिलेला प्रश्न यंत्र आपणहून स्वतःला विचारी: दाखलमध्ये आहेत पण हजेरीत नाहीत असे क्रमांक कोणते? उत्तरात जो क्रमांक येईल त्याच्या घरच्यांना पत्र जावं, अशी सोयही त्यांनीच करून ठेवली होती. पण पत्र कधी गेलं नाही. दर महिन्याला उत्तराच्या जागी भोपळा, आणि त्याखाली ताळेबाईंची सही: निरंक.

ही नोकरी त्यांनी दादासाठी धरली होती. दादा म्हणजे थोरला भाऊ, क्रमांक तीनशे बारा, टेकडीमागच्या घरात. त्याला तिथे नेलं तेव्हा आईला सांगितलं होतं की तीन महिन्यांचा प्रश्न आहे. त्या दिवशी सही ताळेबाईंनीच केली, कारण दादाने आदल्याच दिवशी आरसा फोडून आईच्या अंगावर काचा भिरकावल्या होत्या. आधी त्या दर रविवारी जात. मग महिन्यातून एकदा. मग बस लांब पडते, मग पाय दुखतात, मग ऑफिसात काम आहे. शेवटच्या भेटीत तो खिडकीशी पाठ करून उभा होता आणि तासभर वळलाच नाही. परतताना बसमध्ये त्यांना हलकं वाटलं होतं, आणि त्या हलकेपणाबद्दल स्वतःला त्यांनी आजवर माफ केलं नव्हतं. त्यालाही सहा वर्षं झाली. त्यानंतर त्यांची भेट म्हणजे पहिल्या तारखेची सही. आई विचारायची, ‘‘दादा आहे ना गं नीट?’’ आणि त्या म्हणायच्या, ‘‘आहे.’’ खोटं नव्हतं त्यात काही. कुणीही हरवलेलं नाही असं यंत्र सांगत होतं, आणि कुणीही नाही म्हणजे दादाही नाही.

त्या वर्षी आईचे डोळे जवळजवळ गेले. उजेड-अंधार कळे, माणूस कळत नसे. एके दिवशी सकाळी चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, ‘‘एकदा आणून दाखव त्याला. दाखव म्हणजे माझ्या हातात दे. मग मी काही मागत नाही तुझ्याकडे.’’ आईने उभ्या जन्मात काही मागितलं नव्हतं, उलट जे मागायला हवं होतं तेही गिळलं होतं. बघते, ताळेबाई म्हणाल्या.

ऑफिसात जाऊन त्यांनी दादाची खाट कोणत्या वॉर्डात आहे ते पाहायला हजेरीचा तक्ता उघडला. तीनशे अकरा होता. तीनशे तेरा होता. तीनशे बारा नव्हता.

आपल्याच नजरेचा घोटाळा असेल म्हणून त्यांनी चष्मा पुसला. मग दाखल पाहिलं. तिथे तो होता, नाव, वय, आणणाऱ्याची सही, सगळं जागच्या जागी. म्हणजे दाखलमध्ये आहे आणि हजेरीत नाही, अगदी त्यांचा प्रश्न जे शोधायला बसवला होता तेच. तरी आजच्या हजेरीवर तोच प्रश्न हाताने चालवला तर उत्तर आलं: निरंक. तीनदा चालवला. तीनदा निरंक. यंत्र चुकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यंत्राला विचारणारा चुकतो.

दुपारपर्यंत चूक सापडली. हजेरीच्या तक्त्यात टेकडीमागच्या घराच्या नोंदींत एक ओळ होती, जिच्यात तारीख होती, वेळ होती, ‘हजर’ असा शेरा होता, पण क्रमांकाचा रकाना कोरा होता. एक कोरी ओळ, बस. पण यंत्राच्या लेखी कोरं म्हणजे काहीच नाही असं नसतं. कोरं म्हणजे माहीत नाही. त्याला विचारा, तीनशे बारा या यादीत नाही ना? ते एकेक नाव तपासत येतं आणि त्या कोऱ्या जागेपाशी अडतं. ही जागा कुणाची आहे कोण जाणे, ती तीनशे बाराचीही असेल. मग छातीठोकपणे ‘नाही’ म्हणणं त्याला जमत नाही आणि ते गप्प बसतं. एकाबद्दल गप्प, दुसऱ्याबद्दल गप्प, सगळ्यांबद्दल गप्प. एक कोरी जागा कुणाचीही असू शकते, म्हणून कुणीच हरवलेलं नाही. ही चूक या धंद्यातले नवशिके पहिल्या वर्षी करतात, वरिष्ठ त्यांना हसतात आणि पुन्हा कुणी ती करत नाही. ताळेबाईंनी ती केली होती, आणि त्यांच्यावर हसायला हे काम कळणारं वरिष्ठ कुणी नव्हतंच.

त्यांनी कोरी ओळ वगळून तोच प्रश्न पुन्हा विचारला. एकेचाळीस क्रमांक आले. सगळे टेकडीमागच्या घराचे.

कोरी ओळ पहिल्यांदा आली होती नऊ वर्षांपूर्वी. त्याआधीचं निरंक खरं होतं, नंतरचं एकही नाही. एकेका क्रमांकाच्या मागे जात त्यांनी तो शेवटचा कधी दिसला ते पाहिलं, आणि मग, का कोण जाणे, भेटींची नोंद उघडली. दादा हजेरीतून गेला होता त्यांच्या शेवटच्या भेटीनंतरच्या महिन्यात. दोनशे सात क्रमांकाचा माणूस गेला होता त्याच्या मुलीची शेवटची फेरी झाली त्यानंतरच्या महिन्यात. एकेचाळीसच्या एकेचाळीस तसेच. घरच्यांचं येणं थांबलं, की पुढच्या महिन्यात क्रमांक थांबला होता. मेल्याची नोंद नाही, पळाल्याची नाही, कसली तक्रार नाही, सगळं बिनबोभाट.

मग त्या संस्थेच्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी कागद वरवर चाळला आणि इतकंच विचारलं, ‘‘सही तुमचीच आहे ना बाई प्रत्येक महिन्याला?’’ ताळेबाईंनी कागद परत घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. प्रश्न दुरुस्त करायला त्यांचा हात धजला नाही. पहिल्या तारखेला चार दिवस होते, आणि कोरी ओळ जागेवर असेपर्यंत यंत्र तोंड उघडणार नव्हतं. ती ओळच आता त्यांची लाज राखून होती म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी त्या टेकडीमागच्या घरी गेल्या. तिथे मोजणी करणारे एक काका होते, सगळे त्यांना मोजणीकाका म्हणत. निवृत्तीला आलेले, स्वच्छ, सौम्य, कुणाला उलट शब्द न बोलणारे. ताळेबाईंनी तीनशे बारा म्हटल्यावर ते लगेच उठले. ‘‘आहे की. चला.’’

वॉर्ड लांबच लांब होता. दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेच्या उशाशी क्रमांकाची पाटी. काही खाटांवर माणसं बसली होती, पडली होती, पण मधूनमधून खाटा मोकळ्या होत्या आणि त्यांच्यावरच्या चादरी अशा ताणून घातलेल्या, की एक सुरकुती शोधून सापडू नये. तीनशे बारा मोकळी होती. ताळेबाईंनी उगाच चादरीवर हात ठेवला. ऊब होती, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. त्यांनी पुढची मोकळी खाट चाचपली, तीही उबदार. त्याच्या पुढचीही. चौथ्या खाटेला हात लावायचं त्यांच्या जिवावर आलं.

‘‘यांच्यावर कोण झोपतं?’’

‘‘ज्याची त्याची खाट आहे,’’ काका म्हणाले. ‘‘चादरी मात्र एकच जण घालतो सगळ्या. हौस आहे त्याला.’’

वॉर्डच्या टोकाला कपडे धुण्याची खोली होती. तिथे एक माणूस उभा राहून चादरींच्या घड्या घालत होता. पन्नाशीचा असेल किंवा साठीचा. अंगात दादाचा होता तसा राखाडी स्वेटर. तसा स्वेटर त्या घरात निम्म्या लोकांच्या अंगात होता. काकांनी सांगितलं की हा मोजणीला रोज उभा राहतो, नाव विचारलं तर सांगत नाही, क्रमांक विचारला तर हसतो. हजर माणसाला गैरहजर कसं लिहायचं, म्हणून हजर लिहितो आणि रकाना कोरा सोडतो. नऊ वर्षांत वरून कधी कुणी विचारलं नाही. वरून म्हणजे कुठून हे काकांना माहीत नसावं, कारण ते बोलताना ताळेबाईंकडेच अगदी निर्मळपणे पाहत होते.

ताळेबाईंनी त्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो दादा आहे की नाही हे त्यांना सांगता येईना. सहा वर्षांत माणूस बदलतो, पण असा किती? त्यांनी दादाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर घरच्या भिंतीवरचा, विशीतला, फोटोतला चेहरा तेवढा आला. लहानपणी त्यांनीच त्याला जिन्यावरून ढकललं होतं, हनुवटीला टाके पडले होते, त्याची खूण असणार. याच्या हनुवटीला खूण होती. डाव्या बाजूला. दादाची डावीकडे होती की उजवीकडे? सख्ख्या भावाच्या तोंडावर आपण केलेली खूण, आणि बाजू आठवू नये. धिक्कार असो, असं त्यांच्या मनात इतकं स्पष्ट आलं की ते आपण मोठ्याने बोललो की काय असं त्यांना वाटलं.

‘‘दादा?’’ त्या म्हणाल्या.

त्याने हातातली घडी पूर्ण केली, चादर ढिगावर ठेवली आणि त्यांच्याकडे पाहून म्हणाला, ‘‘आलीस?’’

एवढा एक शब्द. ताळेबाईंना रडू फुटलं. काका समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘‘बायकांना तो आलीस म्हणतो, मोठ्या माणसांना आलात म्हणतो. क्वचित कुणी वर्षांनी उगवतं आपल्या माणसाला बघायला, भेटींच्या नोंदीत नाव न घालताच. मी याच्यापुढे नेतो. सगळे ओळखतात.’’

‘‘सगळे म्हणजे?’’

‘‘सगळे. अंगावर खुणा भरपूर आहेत त्याच्या. ज्याला जी हवी ती सापडते. रडतात, डोक्यावरून हात फिरवतात, पुन्हा येतो म्हणतात.’’

‘‘आणि बाकीचे चाळीस? ते कुठायत काका?’’

‘‘मी मोजतो, बाई,’’ काका म्हणाले. ‘‘शोधायचं काम माझ्याकडे नाही.’’

शोधायचं काम ताळेबाईंचं होतं.

त्याला तिथे सोडून यावं, चौकशी मागावी, पोलिसांत जावं, हे सगळं त्यांच्या डोक्यात येऊन गेलं. पण घरी आई उंबऱ्याकडे कान लावून बसलेली होती. महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याला घरी नेण्याचा अर्ज भरला. नेणाऱ्याचं नातं: बहीण. क्रमांक: तीनशे बारा. खाली घरचा पत्ता लिहिला. दाखलमधून नाव उतरवायचं ते पुढे ऑफिसात गेल्यावर, म्हणून तसंच राहिलं. तो कपड्यांची पिशवी घेऊन मुकाट बसमध्ये बसला आणि वाटभर खिडकीबाहेर न पाहता समोरच्या सीटच्या पाठीवरची धूळ बोटाने पुसत राहिला.

आईने त्याला जवळ बसवलं. आधी कान चाचपले, मग केस, मग हनुवटी. बोटं हनुवटीवर थांबली, परत कानाकडे गेली. ‘‘आलास?’’ ती म्हणाली.

‘‘आलीस?’’ तो म्हणाला.

मग आईने त्याला स्वतःच्या हाताने चहा दिला, बशीत ओतून. संध्याकाळी ताळेबाई स्वयंपाकघरात होत्या तेव्हा ती भिंतीच्या आधाराने आली आणि हळूच म्हणाली, ‘‘हा आपला नाही.’’

‘‘आई, सहा वर्षांनी...’’

‘‘मला शिकवू नकोस. जन्म दिलाय मी त्याला. हा आपला नाही.’’ ती दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभी राहिली. ‘‘पण परत नको नेऊस. राहू दे. आपला कुठे असेल तिथे कुणीतरी असाच ठेवून घेतला असेल. त्यांनाही कळलं असेल ना, की हा आपला नाही म्हणून. त्यांनी हाकललं तर काय करेल तो?’’

ताळेबाईंनी मान डोलावली, आईला ती दिसणार नव्हती तरी. एकेचाळीस जणांसाठी एकच माणूस आहे, आणि दुसरं घर, दुसरी आई, दुसरी बशी कुठे नाही, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. सांगून काय मिळणार होतं?

ऑफिसातून त्यांनी आठवड्याची रजा घेतली होती. तो घरात काही त्रास देत नसे. सकाळी उठला की तिघांच्या गाद्या नीट घालायचा, आई हाक मारी तेव्हा ओ द्यायचा, आणि दुपारभर तिच्या पायांशी बसून राहायचा. आई त्याच्या केसांतून हात फिरवत त्याला दादाच्या लहानपणच्या गोष्टी सांगे, म्हणजे खरं तर दुसऱ्याच कुणाला सांगे. आई हसलेली ताळेबाईंनी किती वर्षांनी पाहिली होती. त्या दिवसांत पहिली तारीख आली आणि गेली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तिची आठवण झाली नाही.

आठवण झाली ती सहाव्या दिवशी सकाळी, दाराच्या फटीतून पत्र आत आलं तेव्हा. संस्थेचा पांढरा लांबट लिफाफा, वर आईचं नाव. मजकूर त्यांचाच होता, अकरा वर्षांपूर्वी दोनतीनदा खोडून नीट मायेने लिहिलेला: आपल्या आप्ताचा क्रमांक हजेरीत आढळून आला नाही, तरी त्वरित संपर्क साधावा. खाली त्यांचीच छापील सही.

कोरी ओळ त्या स्वतः घरी घेऊन आल्या होत्या. मोजणीला तो उभा राहिला नाही, काकांनी रकाना कोरा सोडला नाही, आणि यंत्राला गप्प राहायचं काही कारण उरलं नाही. विचारल्याबरोबर त्याने एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांची नावं घडाघडा सांगितली आणि सांगितल्याप्रमाणे पत्रं धाडली. ज्यांना ती आधी मिळाली ते कालच धावत टेकडीमागे गेले असणार. आणि मोजणीकाका कधी कुणाला खोटं सांगत नसत. परवापर्यंत होता की तुमचा माणूस, म्हणाले असतील, इथेच चादरींच्या घड्या घालत असायचा. बहीण घेऊन गेली. हा तिचा पत्ता.

‘‘कुणाचं पत्र गं?’’ आतून आईने विचारलं.

‘‘ऑफिसचं,’’ म्हणून त्यांनी ते पर्समध्ये टाकलं, आणि तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक म्हातारे गृहस्थ होते. जिना चढून धाप लागली होती, हातात तसाच लांबट लिफाफा. ते फार अदबीने बोलले. मुलगा आहे त्यांचा, म्हणाले, एकुलता एक. मध्यंतरी जाणं झालं नाही, तब्येतीमुळे. काहीतरी घोटाळा होऊन तो तुमच्याकडे आलाय असं कळलं. रागवायला आलो नाही हो, म्हणाले, फक्त एकदा बघू द्या. त्यांच्या मागे जिन्यावर एक बाई उभी होती, तिच्या मागे आणखी दोघं, आणि वळणापर्यंत, वळणाच्या खालीही, एकेका पायरीवर एकेक माणूस, कुणी कुणाला ढकलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं, प्रत्येकाच्या हातात पांढरा लिफाफा.

‘‘आलात?’’ आतून आवाज आला.

म्हाताऱ्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं.

पाहू द्यावं त्यांना, असं ताळेबाईंच्या मनात आलं, देवाशप्पथ आलं. पण आतल्या खोलीत आईचा हात त्या केसांत होता. अकरा वर्षं ज्या हाताने सही केली होती त्याच हाताने त्यांनी दार धरलं.

‘‘इथे कुणी नाही,’’ त्या म्हणाल्या, आणि दार लावून कडी घातली.

आत तो आईच्या पायांशी बसला होता, नजर दाराकडे.

‘‘कोण होतं?’’ आईने विचारलं.

‘‘कुणी नाही, आई.’’

आईचा हात त्याच्या केसांत होता तिथेच थांबला. तिने मान जराशी वाकडी करून बाहेरचा कानोसा घेतला, आंधळी माणसं घेतात तसा.

‘‘आपला शोधायला गेलं की असंच सांगतात,’’ ती म्हणाली, आणि हात काढून घेऊन आपल्या मांडीवर ठेवला.

बाहेरून पुन्हा कुणी बेल वाजवली नाही. ताळेबाई दाराला पाठ लावून बराच वेळ उभ्या राहिल्या, पण जिना उतरण्याचा आवाज काही आला नाही.